रत्नपारखी चार्ल्स टिफनी आणि राजमुकुटाचा लिलाव

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एका परदेशस्थ गृहस्थाचे चरित्र का द्यावे, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. तो अयोग्य नाही. मुंबईच्या घडणीत ज्यांचा वाटा सिंहाचा, ते नाना शंकरशेट आपल्या दैवज्ञ ज्ञातीचे; त्यांचे पुण्यस्मरण आपण वेळोवेळी करतोच, आणि ते करीत राहणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु ऐरण, मूस आणि कसोटी यांना देशाची सीमा ठाऊक नसते. ज्या धंद्यावर आपल्या पूर्वजांच्या अनेक पिढ्या जगल्या, त्याच धंद्यात सातासमुद्रापलीकडे एका पुरुषाने अल्प भांडवलावर मोठे वैभव उभे केले, आणि एका राजसत्तेचे अलंकार भर लिलावात विकत घेऊन जगाचे लक्ष वेधून घेतले. त्या पुरुषाचे नाव चार्ल्स लुइस टिफनी. त्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत ते केवळ कौतुकासाठी नव्हे. दागिना विकत घेताना आपण नेमके काय घेतो आणि विकताना नेमके काय गमावतो, या प्रश्नाचा उलगडा त्यांच्या चरित्राच्या अनुषंगाने जितका होतो तितका अन्यत्र क्वचितच होईल, अशी आमची धारणा आहे.

टिफनी यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1812 रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील किलिंग्ली या गावी झाला. वडील कम्फर्ट टिफनी हे सुती कापडाच्या धंद्यात होते. चार्ल्स पंधरा वर्षांचे झाले तेव्हा वडिलांनी एका लहानशा दुकानाचा कारभार त्यांच्यावर सोपविला. माल आणावा, मांडावा, हिशेब लिहावा आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखावा, हे धडे त्यांना पुस्तकातून नव्हे तर दुकानाच्या फळीवर मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टिफनी हे सुवर्णकाराच्या कुळात जन्मले नव्हते. त्यांच्या घरात ऐरण नव्हती की कसोटीचा दगड नव्हता. पारख ही रक्तातून आपोआप उतरत नाही. ती डोळ्यांनी आणि अनुभवाने मिळवावी लागते, हे त्यांच्या पुढील आयुष्याने सिद्ध केले. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां सर्वांस ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

1837 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, टिफनी आपले मित्र जॉन यंग यांच्यासह न्यूयॉर्कला आले. वडिलांकडून उसने घेतलेले 1,000 डॉलर हेच त्यांचे भांडवल. ब्रॉडवे या प्रसिद्ध रस्त्यावर 259 क्रमांकाच्या जागेत त्यांनी लेखनसाहित्य आणि शोभेच्या वस्तूंचे दुकान थाटले. ते वर्ष अमेरिकेत भयंकर मंदीचे होते. पेढ्या बुडत होत्या, व्यापारी दिवाळे काढीत होते. अशा वेळी नवे दुकान काढणे हे साहसच होते, आणि अगदी आरंभीच्या दिवसांतील विक्री पाच डॉलरांच्याही आत राहिली. परंतु टिफनींनी एक नेम केला. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहून ठेवावयाची आणि त्यात घासाघीस करावयाची नाही. त्या काळात ही चाल नवी होती. अधिक मागून कमी घ्यावयाचे हा दुकानदारीचा सर्वमान्य रिवाज असताना, एकच भाव सांगणारा दुकानदार लोकांस प्रथम चमत्कारिक वाटला. पण हळूहळू तोच विश्वासाचा वाटू लागला. जिन्नसाचा कस ज्यास स्वतः ठरविता येत नाही असे गिऱ्हाईक अखेर दुकानदाराच्या शब्दाचा कस पाहते, हे टिफनींनी ओळखले होते.

योगायोग असा की, ज्या 1837 साली न्यूयॉर्कमध्ये हे छोटे दुकान उघडले, त्याच वर्षी लंडनमध्ये एका मराठी हिऱ्याचा लिलाव झाला. नाशिकचा हिरा म्हणून जो जगात प्रसिद्ध आहे तो हाच. परंपरेने तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा मानला जातो. दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर 1818 साली तो इंग्रजांच्या हाती पडला आणि विलायतेस गेला. 1837 च्या लिलावात तो 7,200 पौंडांना विकला गेला आणि पुढे एका इंग्रज सरदाराच्या तलवारीच्या मुठीत बसला. ज्या वस्तूसमोर आपल्या लोकांनी हात जोडले, तिची किंमत तेथे हातोड्याच्या ठोक्याने ठरली. लिलावाचा हा स्वभावच आहे. वस्तूच्या मागे कोणाचे हात होते, कोणाची भक्ती होती, याची चौकशी हातोडा करीत नाही. ती चौकशी करणारा जर कोणी असेल तर तो फक्त घेणारा.

टिफनी यांची दुकानदारी 1841 पासून वाढीस लागली. त्या वर्षी एलिस नावाचे तिसरे भागीदार आले, आणि त्याच वर्षी टिफनींचा विवाह यंग यांची भगिनी हॅरिएट यांच्याशी झाला. नव्या भांडवलामुळे यंग यांस युरोपात जाऊन माल खरेदी करणे शक्य झाले. आरंभी खोटे दागिने विकणारी ही पेढी लवकरच खऱ्या रत्नांकडे वळली. 1845 साली त्यांनी आपल्या मालाची छापील यादी काढून दूरच्या गिऱ्हाइकांस घरबसल्या माल मागविण्याची सोय केली.

मग आले 1848 साल. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली. राजा लुई फिलीप सिंहासन सोडून पळाला आणि उमराव घराण्यांची एकच त्रेधा उडाली. ज्यांस देश सोडावयाचा होता, त्यांस जमीन नेता येत नव्हती, वाडे नेता येत नव्हते. रोकड हवी होती, आणि ती मिळण्याचा एकच मार्ग म्हणजे अंगावरचे हिरे. बाजारात हिऱ्यांची इतकी रीघ लागली की, भाव सुमारे निम्म्यावर आले. यंग त्या वेळी पॅरिसमध्येच होते. पेढीने हाताशी असलेला सर्व पैसा हिऱ्यांत घालावयाचा ठरविले. ही खरेदी अमेरिकेत पोहोचली तेव्हा वृत्तपत्रांनी टिफनींस हिऱ्यांचा राजा हे बिरुद बहाल केले, आणि ते त्यांस जन्मभर चिकटून राहिले.

या ठिकाणी वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती आम्हांसही आली. दुसऱ्याच्या संकटातून आपला लाभ साधणे हे कितपत योग्य? विपन्नावस्थेत सापडलेल्या कुलीन स्त्रीच्या गळ्यातील हार निम्म्या भावात घेणे यात पुरुषार्थ तो कोणता? प्रश्न टाळण्याजोगा नाही, कारण आपल्या धंद्यातही तो रोज उभा राहतो. लग्नकार्य, आजारपण, नापिकी अशा कारणांनी घरातील सोने पेढीवर येते. तेव्हा घेणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे चोख वजन व चोख भाव. दुसरी म्हणजे घेतलेल्या वस्तूचा मान. घेणारा नसता तर विकणाऱ्याचे संकट टळले असते असे नाही. उलट ते अधिकच गडद झाले असते. परंतु घेणारा किती पारखी आणि किती प्रामाणिक यावर त्या संकटाची धार कमी होणे किंवा वाढणे अवलंबून असते. टिफनींचे पुढील आयुष्य या दोन कसोट्यांवर घासून पाहिले पाहिजे.

पहिल्या कसोटीवर ते निश्चित उतरतात. अमेरिकेत त्या काळी चांदीच्या भांड्यांत हजार भागांत 900 भाग शुद्ध चांदी असली तरी ती उत्तम समजली जाई. टिफनींनी 1851 पासून इंग्लंडातील 925 भागांचे प्रमाण आपल्या पेढीत लागू केले. गिऱ्हाइकाने मागितले नव्हते, कायद्याने सक्ती केली नव्हती. तरी स्वतःहून कस वाढविला. पुढे अमेरिकेत हेच प्रमाण सर्वमान्य झाले. 1853 साली जुने भागीदार निवृत्त झाले आणि पेढी टिफनी आणि कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली. 1867 च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चांदीकामास पारितोषिक मिळाले. तोवर अमेरिकेतील कारागिरास युरोपात कोणी विचारीत नसे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात दागिन्यांस मागणी उरली नाही, तेव्हा याच पेढीने तलवारी, पदके आणि सैन्याचे सामान तयार करून आपल्या कारागिरांचे हात रिकामे राहू दिले नाहीत. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी आपल्या पत्नीसाठी बारीक मोत्यांचा संच येथूनच घेतला होता.

परंतु चरित्रकाराने गुणांचीच यादी दिली तर ती स्तुती होते, चरित्र होत नाही. 1872 साली टिफनींच्या हातून एक मोठी चूक झाली. फिलिप अर्नोल्ड आणि जॉन स्लॅक या दोघा चुलतभावांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात हिऱ्यांची खाण सापडल्याची आवई उठविली. युरोपातून आणलेले हलक्या प्रतीचे कच्चे खडे त्यांनी माळावर पेरून ठेवले होते. त्यांतील नमुने परीक्षेसाठी टिफनींकडे आले. टिफनींनी ते पाहिले आणि त्यांची किंमत दीड लाख डॉलर ठरविली. त्यांच्या शब्दावर विसंबून मोठमोठ्या लोकांनी आपला पैसा ओतला. अखेर क्लॅरेन्स किंग या भूगर्भशास्त्रज्ञाने जागेवर जाऊन सारी लबाडी उघडकीस आणली. टिफनींचा यात काही कपटी हेतू नव्हता. चूक एवढीच की, पैलू पाडलेल्या हिऱ्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता, पण खाणीतून निघालेल्या कच्च्या खड्याचा तितका नव्हता. एका गोष्टीतील पारख दुसऱ्या गोष्टीस पुरत नाही. लिलावात किंवा बाजारात बोली करणाऱ्याने हा प्रसंग कायमचा लक्षात ठेवावा. जेथे आपले ज्ञान संपते तेथे आपली बोलीही संपली पाहिजे.

पुढे 1879 साली टिफनींनी जॉर्ज फ्रेडरिक कुंझ या तरुण रत्नशास्त्रज्ञास पेढीत घेतले. वय लहान म्हणून त्यांनी विद्येस कमी लेखले नाही. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे सापडलेला 287 कॅरटांहून अधिक वजनाचा एक पिवळा हिरा टिफनींनी 18,000 डॉलरांस घेतला होता. कुंझ यांच्या देखरेखीखाली त्यास पैलू पाडण्यात आले. वजन निम्म्याहून अधिक घटून 128.54 कॅरट उरले. वजन राखावे की तेज वाढवावे, या पेचात टिफनींनी तेज निवडले. 1886 साली त्यांच्या पेढीने सहा बारीक आकड्यांवर हिरा उचलून धरणारी अंगठी प्रचारात आणली. आपल्याकडील बंद कोंदणात खड्यास चोहोंकडून सोन्याचा आधार मिळतो. या नव्या रीतीत खालूनही प्रकाश शिरू लागला. रत्नाचे तेज हीच त्याची खरी किंमत, हा विचार त्या अंगठीच्या घडणीत स्पष्ट दिसतो.

येथवर आलेले टिफनी पंचाहत्तर वर्षांचे झाले होते. अशा वेळी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा लिलाव पॅरिसमध्ये उभा राहिला. तो समजण्यासाठी फ्रान्सच्या राजरत्नांची थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे.

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने 1530 साली काही रत्ने राजाच्या खाजगी मालकीतून काढून राज्याच्या मालकीची म्हणून जाहीर केली. तेव्हापासून हा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला. त्यातील कित्येक उत्तम हिरे आपल्या भूमीतून गेलेले होते. तावेर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने हिंदुस्थानातून नेलेले हिरे चौदाव्या लुईने घेतले. रीजंट नावाचा विख्यात हिरा गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणीचा. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट याने तो मिळविला आणि 1717 साली तो फ्रान्सच्या राजघराण्यास विकला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1792 च्या सप्टेंबरात, चोरांनी या जामदारखान्यावर अनेक रात्री हात मारला. पुष्कळ रत्ने पुन्हा सापडली, काही कायमची गेली. नंतर नेपोलियनने आणि त्यामागून आलेल्या राजांनी हा ठेवा पुन्हा भरला. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिच्यासाठी पॅरिसच्या निवडक जवाहिऱ्यांनी 1853 पासून नवे अलंकार घडविले. बाप्स्त हे घराणे तर पिढ्यान्‌पिढ्या राजघराण्याचे जवाहिरे होते. त्यांच्या घडणीचे अनेक नमुने या संग्रहात होते.

1870 साली तिसऱ्या नेपोलियनचा पाडाव झाला आणि फ्रान्समध्ये तिसऱ्यांदा लोकसत्ताक आले. परंतु राजसत्तावाद्यांचा पक्ष बलवान होता. राजा पुन्हा येईल ही भीती लोकसत्ताकवाद्यांच्या मनातून जात नव्हती. मुकुटाची रत्नेच उरली नाहीत तर मुकुट कशाचा घालणार, असा त्यांचा विचार. बेंजामिन रास्पाय या लोकप्रतिनिधीने विक्रीची मागणी लावून धरली. बरीच वर्षे वाद चालला आणि अखेर विक्रीचा कायदा झाला. रीजंट हिरा आणि इतिहास व कला या दृष्टीने अमोल वाटलेल्या थोड्या वस्तू लूव्रच्या संग्रहालयासाठी राखून ठेवल्या. काही वस्तू वितळवून टाकल्या. उरलेल्या सर्वांचा लिलाव पुकारला गेला.

हा लिलाव 1887 च्या मे महिन्यात, 12 तारखेपासून 23 तारखेपर्यंत, लूव्र राजवाड्यात झाला. मालाचे 69 गट पाडले होते. हे गट पाडतानाच एक अनर्थ घडला. संपूर्ण संच म्हणून घडलेले कित्येक अलंकार, किंमत अधिक यावी आणि घेणाऱ्यास सोयीचे जावे म्हणून, तुकड्यातुकड्यांनी विकावयास काढले. पानांच्या नक्षीची हिऱ्यांची मोठी माळ होती. तिचे भाग वेगळे केले. कारागिराने ज्या वस्तूची कल्पना अखंड केली होती, ती यादीच्या सोयीसाठी भंगली. आपल्यापैकी ज्यांनी चिंचपेटी किंवा वज्रटीक घडविली आहे, त्यांस यातील व्यथा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जगभरचे जवाहिरे पॅरिसमध्ये जमले. त्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून हिऱ्यांचा ओघ बाजारात येऊ लागला होता. एवढा मोठा साठा एकदम बाहेर पडल्यास भाव कोसळतील अशी पुष्कळांस धास्ती होती. ते हिऱ्याचे वजन, पाणी आणि बाजारभाव यांचे गणित मांडीत होते. टिफनींच्या पेढीने दुसरे गणित मांडले. अमेरिकेत खाणी, लोहमार्ग आणि कारखाने यांतून अपार धन मिळविलेली घराणी उदयास आली होती. त्यांच्याकडे पैसा होता, पण परंपरा नव्हती. राजघराण्याच्या कंठातील हार त्यांच्या कंठात पडला, तर त्यांस केवळ हिरे मिळणार नव्हते. इतिहासाचा एक तुकडा मिळणार होता. म्हणून इतर लोक खड्याची बोली करीत असता टिफनींची पेढी खड्याच्या स्मृतीची बोली करीत होती. 69 पैकी 24 गट एकट्या टिफनींच्या पेढीने घेतले. त्यासाठी सुमारे 4 लाख 80 हजार डॉलर मोजले. त्यांच्या खालोखालच्या नऊ खरेदीदारांची बेरीज केली तरी ती टिफनींच्या रकमेपर्यंत पोहोचत नव्हती. संपूर्ण लिलावाचे उत्पन्न सत्तर लाख फ्रँकांच्या थोडे वर गेले. त्यातील सुमारे तिसरा हिस्सा हा एकट्या या पेढीचा.

न्यूयॉर्कला आणल्यावर हे अलंकार त्यांनी चामड्याच्या खास पेट्यांत घालून विकले. ते फ्रान्सच्या राजमुकुटाचे आहेत, ही नोंद त्या पेट्यांवर उमटविलेली होती. वृत्तपत्रांचे प्रसिद्ध मालक जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या पत्नीसाठी त्यांतील एक हार घेतला. दुसऱ्या कसोटीवर, म्हणजे घेतलेल्या वस्तूचा मान राखण्याच्या कसोटीवर, टिफनींचे मोजमाप येथे करावे लागते. ते शंभर टक्के उतरले असे आम्ही म्हणणार नाही. विकत घेतलेल्या अलंकारांतील काही खडे कालांतराने नव्या मालकांच्या आवडीनुसार नव्या कोंदणांत गेले. व्यापाऱ्याने वस्तू विकली की त्याचा अधिकार संपतो. परंतु वस्तूचे मूळ लपवून नुसता मोडीचा माल म्हणून त्यांनी ती खपविली नाही. मूळ सांगितले, ते पेटीवर लिहिले, आणि त्यामुळेच त्यांतील काही अलंकारांची ओळख शतकानंतरही पटते. व्यापारी म्हणून त्यांचा लाभ त्यातच होता हे खरे. पण लाभ आणि प्रामाणिकपणा एकाच वाटेने गेले म्हणून प्रामाणिकपणास उणेपण येत नाही.

अशा लिलावांचा इतिहास वाचताना मराठी मनास नागपूरची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. 1853 साली तिसरे रघूजी भोसले निधन पावले. दत्तक नाकारून डलहौसीने 1854 साली नागपूरचे राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन तेथे लिलावात काढण्यात आले. फ्रान्समध्ये निदान लोकांच्या प्रतिनिधींनी वर्षानुवर्षे वाद घालून आपलाच ठेवा आपण विकला. नागपुरात ज्यांचे दागिने त्यांस कोणी विचारले नाही. पहिल्यास अविचार म्हणता येईल. दुसऱ्यास अन्यायच म्हटले पाहिजे. तथापि परिणाम एकच झाला. घडणावळ मातीमोल झाली, वजनाचे पैसे आले, आणि ज्या कारागिरांनी ते अलंकार घडविले त्यांचे नाव विस्मृतीत गेले.

फ्रान्सला आपल्या कृतीचा पश्चात्ताप झाला. लूव्रने गेलेले अलंकार एकेक करून परत मिळविण्यास प्रारंभ केला. युजेनी राणीचा मोत्यांचा शिरोभूषणमुकुट 1992 साली परत आला. हिऱ्यांचा एक सुंदर गाठीचा पदकवजा दागिना 1887 च्या लिलावानंतर अमेरिकेतील ॲस्टर घराण्याकडे गेला होता. तो 2008 साली संग्रहालयाने 67 लाख युरोंहून अधिक रक्कम देऊन परत आणला. आणि नियतीचा खेळ असा की, 19 ऑक्टोबर 2025 रोजी चोरट्यांनी लूव्रच्या दालनात शिरून जे अलंकार पळविले, त्यांत हे दोन्ही होते. पळताना युजेनीचा मुकुट त्यांच्या हातून खाली पडला. तो मोडलेल्या अवस्थेत सापडला. रीजंट हिऱ्यास मात्र धक्का लागला नाही. एकदा मोडलेला संग्रह पुन्हा जुळविणे किती दुर्घट आणि किती महाग, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

टिफनी या सर्व उत्तरकथेपूर्वीच जग सोडून गेले. 1878 साली फ्रान्सने त्यांस मानाचे पदक देऊन गौरविले होते. त्यांचे पुत्र लुई कम्फर्ट टिफनी यांनी रंगीत काचेच्या कलेत स्वतंत्र कीर्ती मिळविली. 18 फेब्रुवारी 1902 रोजी, नव्वद वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस लोटले असता, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. पाच डॉलरांची विक्री न होणाऱ्या दुकानापासून राजमुकुटाच्या खरेदीपर्यंतचा हा प्रवास एका आयुष्यात घडला.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आजही लिलाव होतात. मोठ्या शहरांतील नामांकित लिलावगृहांत होतात, तसे गहाण न सुटलेल्या सोन्याचे बँकांत आणि पतसंस्थांतही होतात. कर्जदारास सूचना जाते, वृत्तपत्रात जाहिरात येते, आणि आपल्यातील अनेक बांधव तेथे बोलीस बसतात. त्यांनी टिफनींपासून चार गोष्टी उचलाव्यात. माल आधी डोळ्यांखालून घालावा. यादीवर विसंबू नये. आपली अखेरची बोली घरून ठरवून निघावे. चढाओढीच्या भरात ती वाढवू नये. हातोड्याच्या भावावर आणखी कोणता आकार द्यावा लागेल हे आधी विचारावे, कारण मोठी लिलावगृहे घेणाऱ्याकडूनही आपले शुल्क घेतात. आणि ज्या जिन्नसाची पारख आपल्याला नाही, तो कितीही स्वस्त वाटला तरी सोडून द्यावा. 2021 पासून आपल्याकडे नव्या सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली; परंतु जुन्या दागिन्यावर असा छाप बहुधा नसतो. तेथे आजही कसोटी, अनुभव आणि आपला शब्द हेच प्रमाण.

पाचवी गोष्ट मात्र नफ्यातोट्याच्या पलीकडची आहे. लिलावातून किंवा पेढीवरून आलेला जुना तोडा, बुगडी किंवा पुतळ्यांची माळ बहुधा मुशीत जाते. भाव वजनाचा, घडणावळ शून्य, हा धंद्याचा हिशेब आम्हांस मान्य आहे. पोट त्यावर चालते. पण मूस पेटविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. घडण जुनी आणि उत्तम असेल तर तिचे छायाचित्र घ्यावे, वजन व नमुना टिपून ठेवावा, कोणत्या गावचे काम आहे ते विचारून लिहून ठेवावे. आणि शक्य असेल तेथे तो दागिना जसाच्या तसा घेणारा गिऱ्हाईक शोधावा. पॅरिसच्या बाप्स्त घराण्यातील जर्मेन बाप्स्त यांनी लिलावानंतर दोनच वर्षांनी, 1889 साली, फ्रान्सच्या राजरत्नांचा सविस्तर इतिहास लिहून प्रसिद्ध केला. ज्या घराण्याने दागिने घडविले, त्याच घराण्यातील पुरुषाने ते गेल्यावर त्यांची स्मृती कागदावर राखली. टिफनींनी स्मृतीची किंमत ओळखून ती विकत घेतली. बाप्स्त यांनी ती पैशावाचून राखली. आपल्या ज्ञातीत टिफनी निपजतील तेव्हा निपजोत. पण प्रत्येक गावच्या पेढीवर एक बाप्स्त होणे आजही आपल्या हाती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी बांधवांनी आपापल्या गावच्या जुन्या नमुन्यांची अशी टिपणे पाठविली, तर हे चरित्र लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागतील.